भुजंगरावांची यलो फीवरची लस

भुजंगराव दिवाळीचा फराळ नवरात्रातच करतात आणि स्वेटर भाद्रपदात घालतात. घामानं निथळतात, पण काढत नाहीत. "थंडी काय सांगून येती का सर?" असं वर मलाच विचारतात.

नांदेडला ते आमच्या समोरच्या घरात राहतात. बसस्थानकावर कंट्रोलर होते. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या सोडण्यात गेली. स्वतः अर्धापूरच्या पुढं क्वचितच गेले. लग्न केलं नाही. तेवढ्या एकाच गोष्टीची त्यांनी कधी घाई केली नाही. आपल्या तिरडीला खांदा कोण देणार, हे मात्र ठरवून ठेवलंय. मला म्हणाले, "तुम्ही उंच हाय सर, मागून धरा."

गेल्या वर्षी माझी बायको गेली आणि मी घराबाहेर पडायचा थांबलो. भुजंगराव सहाचा चहा पाचलाच घेऊन यायचे आणि समोर बसायचे. मी वाचत असे. ते बोलत नसत. त्या न बोलण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझी मुलगी मंजिरी युगांडात असते. जावई तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. "आई न्हाई, बाबा, तुम्ही तरी या," म्हणून ती फोनवर रडली. मी होय-नाही करत राहिलो. खरी भीती फक्त भुजंगरावांना सांगितली. "तिकडं मलाच काही झालं तर? ती पोरगी बाळाला बघंल का मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पिशवी घेऊन दारात.

"सर, तिकडं जायला यलो फीवरची लस लागती. त्याबिगर येऊ देत न्हाईत. टोचल्यावर दहा दिवस गेले की मगच ते लस घेतल्याचं पिवळं कार्ड चालतंय. हैदराबादला मिळती. उठा."

डासांमुळं होणाऱ्या त्या तापाचं नावही मी तोवर ऐकलं नव्हतं. "अहो, अजून तिकीट नाही काढलं."

"तिकीट मागून. आधी टोचून घ्या."

लस बुधवारी देतात. आम्ही सोमवारीच पोचलो. भुजंगरावांनी रांगेत पहिला नंबर लावला. फक्त रांग आलेली नव्हती. धर्मशाळेत दिवस काढून बुधवारी पुन्हा गेलो. मला सुई टोचून झाली, तोच भुजंगरावांनी स्वेटरची बाही वर केली.

"आप कहाँ जा रहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"युगांडा."

"टिकट?"

"अब्बी नै निकाल्या मॅडम. पासपोर्ट है." त्यांनी कोरा करकरीत पासपोर्ट पुढं केला. तो त्यांच्याकडं आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

"उमर?"

"दिवाळी को साठ लगते."

साठीनंतर ही लस जरा जपून देतात म्हणे. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांना तपासलं, बरंच काही विचारलं. पण फोडलेली कुपी लगेच संपवावी लागते आणि त्या दिवशीच्या लोकांपेक्षा तिच्यात एक डोस जास्त होता. शेवटी त्यांनी सुई भरली. भुजंगरावांनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं आवळलं, की मी माझ्या दंडाचं दुखणं विसरलो.

बाहेर चहा घेताना मी चिडलोच. "तुम्हाला कुठं जायचंय हो?"

ते बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "कुठं न्हाई. पर तुम्हाला तिकडं काही झालं, पोरीचा फोन आला, अन् मी निघालो, तर दहा दिवस थांबा म्हणतील ना मला. तेवढा दम मला निघंल का सर?"

मी त्याच संध्याकाळी मंजिरीला येतो म्हणून कळवलं.

आता मी तिच्याकडंच आहे. नात झाली. मला काही झालेलं नाही. रोज सकाळी नांदेडहून फोन येतो. "सर, येऊ का?"

"ठणठणीत आहे. नका येऊ."

"लई चांगलं झालं," म्हणतात, आणि तरी बराच वेळ फोन ठेवत नाहीत.

काल मी म्हटलं, "भुजंगराव, या."

"काय झालं सर?" ते चरकले.

"काही झालं नाही हो. बारसं आहे."