वझलवार काकांची हद्द

वझलवार काका रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या दारात गुडघे टेकून, नाक जमिनीला लागेल इतके वाकून, आदल्या दिवशीच्या रांगोळीत पावलांचे ठसे शोधतात. भर उजेडात हातात टॉर्च, कानावर पेन्सिल, खिशात टेप. अमेरिकेत, अल्फारेटात आम्ही त्यांच्या समोर राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी खिडकीतून हे बघून मला वाटलं, म्हातारा पडला. धावत गेले. तर मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमच्या चपलेचं माप काय?"

मी हादरले. तेव्हापासून हादरतेच आहे.

काका नागपूरचे. आयुष्यभर सरकारी मोजणी खात्यात शेतांच्या हद्दी मोजल्या. सुमनकाकू गेल्यावर मुलानं इकडे आणलं. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. सकाळी गॅरेजचं दार वर, गाडी बाहेर, दार खाली. संध्याकाळी तेच उलट. पुढचं दार आणि त्यापुढची रांगोळी एकट्या काकांची. ती ते काढत नाहीत, आखतात. आधी दोरी, मग खडू, मग टेप. बाहेरच्या रेघेला ते 'हद्द' म्हणतात.

एकदा माझी सात वर्षांची इरा बॉलच्या मागे धावत थेट त्या हद्दीत उतरली. काका आतून "हद्द!" असं ओरडत आले, की पोरगी जागच्या जागी थिजली. त्यांनी तिला तिथेच उभं ठेवून पावलाचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. इरा घरी येऊन म्हणाली, "मम्मा, ही इज गोइंग टू रिपोर्ट मी." मग आमच्या मराठी मंडळींत निरोप फिरला, की वझलवारांकडे जायचं तर गॅरेजमधून, आणि शक्यतो जायचंच नाही. तो निरोप मीच फिरवला होता.

शनिवारी मी इराला लायब्ररीत नेते. काकांचा मुलगा म्हणाला, बाबांनाही न्याल का. तिथे भिंतीवर कागद होता: मध्य अमेरिकेचा इतिहास, कला आणि वारसा, दर शनिवारी, मोफत. काका म्हणाले, "म्हणजे अमेरिकेचा मध्य प्रांत नं? आपल्या नागपूरसारखा." आणि नाव देऊन मोकळे झाले.

पहिल्या वर्गात नकाशा बघितला. परतताना गाडीत म्हणाले, "हा तर वेगळाच मुलूख निघाला, ऋचा. सात देश. आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही."

दुसऱ्या शनिवारी कळलं, की माया लोकांकडेही शून्य होतं. त्यांचं स्वतःचं. ते शिंपल्यासारखं काढत. हा घाव वर्मी बसला. "हद्द झाली," एवढंच बोलले. मंगळवारी संध्याकाळी माझ्या दारात येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी मान्य केलं." कुणी विचारलं होतं कोण जाणे.

तिसऱ्या शनिवारी न्यायला गेले तर काका कमरेला पट्टा बांधून लायब्ररीच्या खांबाला अडकवलेले. मी पट्टा सोडवायला धावले. तो तिकडचा हातमाग होता. एक टोक खांबाला, एक विणणाऱ्याच्या कमरेला. "हलवू नको," काका म्हणाले. "ताण जातो."

वर्ग घ्यायची मार्ता. ग्वाटेमालाची, साठीची, ठेंगणी, हसरी. दोघांचं इंग्रजी सारखंच तोकडं, त्यामुळे गप्पा संपत नसत.

शेवटच्या शनिवारी लायब्ररीच्या अंगणात लाकडाच्या रंगीत भुशाचा गालिचा घालायचा होता. मार्ताच्या गावात सणाला रस्त्यावर असे गालिचे घालतात. तिनं पुठ्ठ्याचे साचे आणले होते. काकांनी ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवले आणि दोरी काढली. सकाळी नऊपासून दोन वाजेपर्यंत काका, मार्ता आणि वर्गातली माणसं भुशात गुडघ्यांवर होती. तीस फूट लांब गालिचा. मका, पोपट, मोर, कडेनं काकांची हद्द. भुसा उडू नये म्हणून काका स्वतः पाणी शिंपडत फिरत होते. इतकं देखणं काही मी अल्फारेटात बघितलं नव्हतं.

मग माझी नजर कार्यक्रमाच्या कागदावर गेली. चार वाजता ढोल-ताशासह मिरवणूक. गालिच्यावरून.

एका लहान मुलीच्या एका पावलावर ओरडणारा माणूस दोनशे पावलांवर काय करेल? मी म्हटलं, "काका, निघू या का? ट्रॅफिक लागेल."

"थांब नं. अजून चालायचं आहे."

"काका, त्या गालिच्यावरून लोक चालणार आहेत. सगळे. बुटांसकट."

"हो तर," काका म्हणाले. "मार्तानं पहिल्याच दिवशी सांगितलं. नाहीतर मी कशाला बसलो असतो एवढा वेळ?"

ढोल वाजला. लोक कडेला संकोचून उभे होते, इतक्या सुंदर कामावर पाय कोण देणार. तेव्हा काका पुढे झाले आणि एकेकाचा हात धरून गालिच्यावर ओढू लागले. "या नं, या. कम, कम. ऊपर से जाओ." पोपट गेला, मका गेला, हद्द कुठल्या कुठे गेली. काका खुशीत हसत होते. मार्ताचे डोळे वाहत होते.

परतताना लाल सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "तू लिही. माझे हात भरलेत."

कोरं पान शोधताना मी पानं उलटली. रोजची नक्षी, आणि खाली एक ओळ. पाय: नाही. पाय: नाही. पाय: खार. पाय: नाही. पाय: कुरिअरवाला, उजवा, थांबला नाही. मग आठवडेच्या आठवडे, नाही. आणि एका पानावर, पाय: इरा, डावा, साडेसात इंच. आनंदानं ओरडलो. पोर घाबरली. माझीच चूक.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिही. पाय: मोजता आले नाहीत." ते खिडकीबाहेर बघत होते. "नागपूरला सुमन रोज चिडायची, सगळे मिळून दुपारपर्यंत रांगोळीचा पार चिखल करता म्हणून. इतकं येणं-जाणं होतं. इथे पंधरा-पंधरा दिवस पाऊल पडत नाही."

मला माझी इतकी लाज वाटली, की सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही.

रविवारी सकाळी मी इराला घेऊन त्यांच्या पुढच्या दारी गेले. नवी कोरी रांगोळी होती. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे आईनं लहानपणीच शिकवलेलं, त्यामुळे पाऊल उचलेना. शेवटी डोळे मिटून मधोमध ठेवलं. इरानंही ठेवलं. बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

काका आमच्या पायांकडे बघत राहिले. या वेळी ओरडले नाहीत.

"डू द अदर वन टू," इरा म्हणाली आणि तिनं आपणहून उजवा पाय पुढे केला.

काकांनी खिशातून टेप काढली, माप घ्यायला खाली वाकले, आणि बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.