पोच घेतल्याशिवाय न हलणाऱ्या लेलेकाकू

आमच्या नौपाड्यातल्या लेलेकाकू पोलीस चौकीत जाताना पर्समध्ये शाईचं पॅड घेऊन जातात. स्वतःचं. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला की समोरून हमखास उत्तर येतं, "आजी, शाई सुकलीय." मग काकू पॅड उघडून टेबलावर ठेवतात. "ही ओली आहे. मारा."

वय चौऱ्याहत्तर, वजन जेमतेम चाळीस किलो. पण त्यांना येताना बघून भले भले हवालदार चहाला निघून जातात, हे मी शेजारी म्हणून छाती फुगवून सांगतो. कोणाला उगाच दिवसभर चौकीत बसवून ठेवलं, की काकू अर्ज लिहायला बसल्याच. एकदा साहेब कळवळून म्हणाले, "आजी, या वयात कशाला त्रास घेता?"

"घेत नाहीये, देतेय," काकू म्हणाल्या.

आमच्या नाक्यावर हिराबाई मासे विकते. गेल्या वर्षी एका हवालदारानं भर बाजारात तिची पाटी लाथेनं उडवली आणि वर थोबाडीत मारली. का, तर उठायला उशीर केला! आम्ही वीसपंचवीसजण बघत उभे होतो. मीसुद्धा. लाज वाटते, पण होतो. बोंबलाच्या वासानं मळमळणाऱ्या काकू मात्र नाकाला पदर लावून आल्या आणि हिराबाईशेजारी फतकल मारून बसल्या. "बिल्ल्यावरचं नाव वाचलंस का त्याचं?"

"म्हातारे, माजा धंदा बंद करतील गो ते!"

"करू देत. त्याचीही तक्रार करू."

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणापुढे वर्षभर तारखा पडल्या. दर तारखेला दोघी एकाच रिक्षात, काकूंचं तोंड बाहेर. मलाही साक्षीला उभं केलंच. हवालदाराचा वकील म्हणाला, बाई पाय घसरून पडल्या. काकू उठल्या. "पाय घसरला तर गालावर बोटं कशी उठली हो?"

परवा निकाल लागला. मारहाण झाली हे सिद्ध, हवालदारावर कारवाई करा. हिराबाईनं काकूंना कडकडून मिठी मारली. काकूंनी नाक धरलं नाही.

परतताना मी म्हटलं, "काकू, जिंकलात की!" तर त्या रडायलाच लागल्या.

"ह्यांनाही अशीच बसली होती रे एकदा. डोंबिवलीला. काही चूक नसताना, लोकांदेखत. तक्रार करतो म्हणत होते. मीच म्हटलं, मुलं लहान आहेत, गप्प बसा. बसले. त्यानंतर त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. शेवटपर्यंत विषय काढला नाही."

घरी पोचलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. एकट्याच राहतात त्या. काकांच्या फोटोसमोर बसून निकाल वाचत होत्या, पहिल्या ओळीपासून, खणखणीत.

बायकोनं आमचा टीव्ही बंद केला.