टिटवीचा समाचार

एका जंगलात, मुलांनो, शिंकांची साथ आली. कुठून आली ते मला विचारू नका. वानर म्हणत, वटवाघळांकडून आली. वटवाघळं म्हणत, वानरांकडून आली. साथ मात्र कुणाला काही न विचारता घरोघर फिरत होती.

आधी शिंका, मग ताप, मग अंगदुखी. बरेच जण आठवडाभरात उठून बसत. काही जण उठत नसत. म्हातारा सांबर असाच गेला, तेव्हा सिंहमहाराज घाबरले. त्यांनी दवंडी पिटवली. कुणी कुणाकडे जायचं नाही. तोंडाला पळसाचं पान बांधायचं. दोघांत सहा हात अंतर ठेवायचं. नदी ओलांडायची तर पास काढायचा.

जंगल तसं शिस्तीचं होतं. सगळ्यांनी पानं बांधली. फक्त पानातून आवाज नीट येत नाही म्हणून बोलताना ती हनुवटीवर ओढायचे, आणि शिंकताना पान खराब होतं म्हणून काढून ठेवायचे. सहा हात म्हणजे वानराचे की खारीचे, यावर चार दिवस चर्चा चालली. ती एकाच झाडाखाली झाली, कारण सावली तेवढीच होती.

सगळं सोडलं, पण एक गोष्ट या जंगलाला सोडवेना. ती म्हणजे आजाऱ्याचा समाचार. तुम्हाला काय माहीत म्हणा, तुम्ही नुसता अंगठा पाठवता. त्या जंगलात कुणी आजारी पडलं की घरटी एकाने जायचंच. रिकाम्या हाताने जायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत उठायचं नाही. आणि जो आला नाही, त्याचं नाव जन्मभर लक्षात ठेवायचं. 'माझ्या पायात काटा मोडला तेव्हा कुठे होतीस?' एवढ्यावरून दोन मुंगसांच्या घरांत तीन पिढ्या बोलणं नव्हतं.

नदीकाठच्या माळावर शकू नावाची टिटवी राहायची. खड्यांच्या घरट्यात चार अंडी घालून ती त्यांच्यावर बसली होती. नवरा किडे शोधायला पलीकडच्या काठाला गेला आणि तिकडेच अडकला. पंख होते त्याला, पण पास नव्हता. रोज सकाळी तो पलीकडून ओरडायचा, "किती राहिले गं?"

"बारा दिवस!" शकू इकडून ओरडायची. दुसऱ्या दिवशी अकरा.

दहावर आली आणि तिला शिंक आली.

शेजारच्या घोरपडकाकूंनी बिळातूनच विचारलं, "शकू, तू शिंकलीस?"

दुसरं कुणी असतं तर धुळीवर ढकललं असतं. शकू सरळ होती. "हो काकू. थोडा तापही आहे. पण बरंच आहे ना, अंड्यांना तेवढीच जास्त ऊब."

दुपारपर्यंत माळावर रीघ लागली.

पहिल्या काकूच आल्या, करवंदं घेऊन. "उठू नकोस गं, उठू नकोस."

आता हे 'उठू नकोस' म्हणजे काय, ते नीट ऐका. घरच्या बाईने उठेपर्यंत पाहुण्याने ते म्हणत राहायचं असतं. ती उठली नाही तर त्याला राग येतो. शकू उठली. काकू अर्धा तास बसल्या. "आमच्या मावसबहिणीला अगदी अश्शीच शिंक आली होती," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांत गेली बिचारी. तू मात्र काळजी करू नकोस."

मग रानडुक्कर आला, गुळवेलीचा काढा घेऊन. मग ससे आले, सहकुटुंब. मग एक उदमांजर आलं, ते ओळखीचंही नव्हतं. प्रत्येक जण 'उठू नकोस' म्हणाला. शकू उठत राहिली, बसत राहिली. संध्याकाळी तिने अंड्यांना चोच लावून पाहिली, तर ती कोमट झाली होती.

तिने दारात फळी लावली: 'इथे रोगी आहे. येऊ नये.' त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. तेही आले, आणि वर रागावले. "आम्हाला फळीवरून कळावं? इतके का आम्ही परके?"

शेवटी तिने कोल्ह्याकडे तक्रार पाठवली. कोल्हा हा समाचार-बंदी समितीचा अध्यक्ष. तक्रारीची त्याने तातडीने दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी समितीचे अकराच्या अकरा सदस्य माळावर हजर झाले.

"ताई, उद्यापासून इथे कुणीही येणार नाही," कोल्हा म्हणाला. "उठू नका, उठू नका."

अकरा जण 'उठू नका' म्हणाले. प्रत्येकाने आपापला काढा सांगितला. एकाने ओवा सांगितला, दुसऱ्याने ओवा अजिबात नको म्हणून सांगितलं, त्यावरून दोघांची जुंपली. समिती गेली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता आणि कडेचं अंडं गार पडलं होतं. शकूने ते पोटाखाली अगदी मध्ये ओढून घेतलं. त्या दिवशी ती जागची हलली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही.

दुसऱ्या सकाळी यमूआत्या आली. ही रानकोंबडी. चाळीस अंडी उबवलेली, जंगलात या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शकूवर तिचा जीव होता. ती चौथ्यांदा आली होती. अर्धा तास झाल्यावर ती उठली आणि सगळेच जाताना म्हणतात ते म्हणाली, "काही लागलं तर हाक मार हो. संकोच करू नकोस."

शकूच्या घशाला कोरड पडली होती. तिने संकोच केला नाही.

"लागतंय की, आत्या. घटकाभर यांच्यावर बसतेस? मी नदीवर पाणी पिऊन येते."

यमूआत्याच्या हनुवटीवरचं पान हळूहळू वर सरकलं आणि नाकावर जाऊन बसलं.

"अगं बाई! महाराजांनी सहा हात अंतर सांगितलंय ना?" असं म्हणून ती सहा हात मागे गेली. मग सोळा. मग साठ. मग ती दिसेनाशी झाली.

दुपारपर्यंत जंगलभर बातमी झाली की टिटवी अंड्यांवर बसायला कुणीतरी शोधते आहे. आणि मुलांनो, त्या दिवशी जंगलाला साथीचं गांभीर्य पहिल्यांदा कळलं. रानडुक्कर म्हणाला, नियम म्हणजे नियम. सशांनी बिळाला आतून माती लावली. घोरपडकाकूंनी बीळच बदललं. माळावरून जाणारी मुंग्यांची रांगसुद्धा वळसा घालून जाऊ लागली. सिंहमहाराजांनी माळाला 'आदर्श अंतर क्षेत्र' म्हणून जाहीर केलं आणि समितीचा सत्कार केला.

शकूला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, तिला वाईटही वाटलं. ओठी आलेली हाक किती वेळा तरी तिने गिळली. पहाटेचं दव चोचीने टिपून तिने दिवस काढले. ताप आपला आपण आला तसा गेला.

नेमक्या दिवशी अंडी फुटली. पलीकडून नवरा ओरडला, "झाली का गं?"

"तीन!" शकू ओरडली.

"चार ना?"

शकूने न फुटलेलं कडेचं अंडं चोचीने हळूच बाजूला केलं.

हे ओरडणं मात्र सगळ्यांनी ऐकलं. टिटवीचं एक अंडं गेलं म्हटल्यावर घरी कोण बसणार? रीघ पुन्हा लागली. काकू आल्या, रानडुक्कर आला, ससे आले, समितीही आली. यमूआत्या तर गळ्यात पडून रडली. तिचं रडणं खरं होतं, त्यात काही शंका नाही.

"एक हाक मारायचीस की गं," आत्या म्हणाली. "आम्ही काय मेलो होतो?"

शकूने सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या पायांत तीन पिल्लं तीन दिशांना पळत होती, आणि आभाळात घार घिरट्या घालत होती.

"आता मारते हाक," ती म्हणाली. "मी चार किडे शोधून आणते. तोवर यांना कोण बघतं?"

कोल्हा सगळ्यांच्या आधी भानावर आला. "साथ अजून गेलेली नाही बरं का," तो म्हणाला. भराभर पानं नाकावर चढली. घारीने एक घिरटी पुरी केली, तेवढ्यात माळ रिकामा झाला.

तात्पर्य: साथीच्या दिवसांत घरी गर्दी नको असेल, तर दारावर 'येऊ नका' असं कधीही लिहू नये. 'बरं झालं आलात, जरा हात लावा' असं लिहावं.