नरहररावांचा चंबू

आमच्या फौकानियात, म्हणजे निजामाच्या राजवटीतल्या नांदेडच्या हायस्कुलात, एका खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. ती नरहररावांची प्रयोगशाळा. आत देवबिव नव्हता. एक काचेचा चंबू निवत ठेवलेला असे, आणि पायांच्या दणक्यानं तो हलला की स्फटिक बिघडतात, असं नरहररावांचं म्हणणं. एकदा खुद्द हेडमास्तर बुटासकट आत निघाले, तर यांनी दारातच हात आडवा केला.

"मास्टरसाब, ये तजुर्बाखाना है या मंदिर?" हेडमास्तरांनी विचारलं. आणि मुकाट्यानं बूट काढले.

लढाईचे दिवस होते. हैदराबादेहून येणारं बेंझॉइक अॅसिड काकवीच्या रंगाचं यायचं. नरहरराव ते उकळत्या पाण्यात विरघळवत. पाणी लागेल तेवढंच, उगाच वर घोटभर नाही. मग कोळशाची पूड टाकून गरम असतानाच गाळायचं, आणि निवायला ठेवून समोर स्टुलावर बसायचं. निवता निवता पांढऱ्या सुया खाली बसतात, मळ पाण्यात राहतो. घाई केली की मळ सुयांच्या पोटात जातो. मी गणिताचा मास्तर. मला याच्याशी काय करायचंय? पण माझा वर्ग भिंतीला भिंत लागून, त्यामुळं हे पुराण मला पाठ झालं होतं.

"जल्दी का काम शैतान का, गुरुजी. बसू द्या."

हे 'बसू द्या' त्यांना सगळीकडं पुरायचं. पोरांची मारामारी झाली, बसू द्या. माझी बायको रुसून माहेरी औशाला गेली, तरी बसू द्या. ती बसली की तिकडं, चांगली ज्वारीची सुगी होईस्तोवर. मी हातानं भाकरी थापून थापून बेजार झालो. खरं सांगतो, या माणसाचा मला कंटाळा यायचा.

त्यांची एकुलती एक लेक गोदी. आई लहानपणीच गेलेली, नरहररावांनीच वाढवली. कंधारला दिली होती. जावई तापानं गेला आणि पोर माघारी आली, ती बोलेनाशी होऊनच. काम करी, विचारलं तर मान हलवी, तोंडातून शब्द नाही. दिवाळी गेली, होळी गेली. गल्ली कुजबुजायची, आणि नरहरराव म्हणायचे, बसू द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी मी शाळेत पेपर तपासत होतो. उकाड्यानं जीव नकोसा झाला, म्हणून नरहररावांच्या माठातलं पाणी प्यायला गेलो. चंबूला ओलं गोणपाट गुंडाळून ते बसले होते. पाणी निवलं होतं, पण सुई एक पडेना. एवढ्यात त्यांच्या थोरल्या बहीण, हदगावच्या आक्का, गोदीला हाताला धरून आल्या.

"लई बसू दिलंस, नरहर. हिला बाहेरचं लागलंय. आमच्याकडं एक देवऋषी हाय. गाडी जुंपूनच आणलीय, आत्ता घेऊन जाते."

तो देवऋषी झाडाला बांधून फोकानं मारतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गोदी चौकटीला पाठ लावून उभी होती. नरहरराव चंबूकडं बघत राहिले.

"बसू..." म्हणाले आणि थांबले. हा माणूस पुढचा शब्द विसरलेला मी पहिल्यांदाच बघितला. फार वाईट वाटलं.

"नरहरराव," मी म्हटलं, "ते चंबूतलं तरी कुठं बसून राहिलंय? काहीतरी करा की."

त्यांनी काचेची कांडी उचलली. स्फटिक हट्टाला पेटले की चंबूच्या आतल्या अंगाला कांडी घासायची, त्या ओरखड्याला धरून ते पडू लागतात. त्यांना हे आवडत नसे, पण घासू लागले. काचेवर काच. त्या आवाजानं आक्कांनी कान झाकले.

"बाबा, बंद करा ना ते. अंगावर काटा येतोय."

आवाज घोगरा होता, न वापरल्यासारखा. आक्का चौकटीपाशी मटकन खाली बसल्या. चंबूत भराभर सुया पडत होत्या, पांढऱ्याशुभ्र. काम झालं होतं. मी कांडी काढून घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते घासतच होते.

"बाबा," गोदी पुढं येऊन म्हणाली, "बंद करा म्हटलं ना."

ते आणखी जोरानं घासू लागले.