केक हलता कामा नये

"गाडीला हात कुणी लावला होता?" नेव्हिलने चौथ्यांदा विचारलं. घरात माणसं दोनच, त्यातलं एक तो स्वतः, तेव्हा उत्तर देणं डॉरीनला भाग होतं. मांडीवर क्रीम भरलेला स्पंज केक घेऊन ती शेजारच्या सीटवर बसली होती.

"तूच लावलास. सकाळी, धुवायला."

हे खरं असल्यामुळे तो जास्तच भडकला. दुष्काळ पडल्यापासून त्यांच्या भागात गाडी हिरवळीवर नेऊन धुतात, म्हणजे तेच पाणी गवताला मिळतं. नेव्हिलनेही भल्या पहाटेच्या गारठ्यात गाडी चालू केली, दहा पावलं नेली आणि लगेच बंद केली. आता नऊ वाजले होते आणि ती नुसती घरघरत होती. कृषी प्रदर्शनात केक दहाच्या आत पोचवायचा होता. दहाला मंडपाचं दार बंद होणार आणि मंडप बावीस किलोमीटरवर. गेल्या वर्षी नेव्हिलच्या बहिणीने, बेरिलने, डॉरीनला अर्ध्या गुणाने हरवलं होतं आणि नाताळच्या जेवणाला ती बक्षिसाची निळी फीत छातीवर लावून आली होती. ते जेवण डॉरीनच्या अजून घशाखाली उतरलं नव्हतं.

कुंपणापलीकडून सिल्व्हिओ म्हणाला, "डॉरीन, त्याला सांग, इंजिन बुडालंय."

सिल्व्हिओ निवृत्त मेकॅनिक. पण नेव्हिल त्याच्याशी चार वर्षं बोलत नव्हता. दुष्काळात पाइप वापरायला बंदी असताना नेव्हिल गाडी पाइपने धूत असल्याचं कुणीतरी नगरपालिकेला फोन करून कळवलं होतं, नोटीस आली होती, आणि ते कुणीतरी म्हणजे सिल्व्हिओच, यात नेव्हिलला तिळमात्र शंका नव्हती.

बुडालंय म्हटल्यावर नेव्हिलला सकाळी गाडीवर ओतलेली बादली आठवली. त्याने घरातून लांब वायर ओढली, डॉरीनचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि बॉनेट उघडून इंजिन वाळवायला लागला. तोंडाने शिव्या चालूच होत्या. पहिल्या शिव्या गाडीला, मग बादलीला, मग तिकडे कुंपणाला. दहा मिनिटं सिल्व्हिओ शांतपणे बघत होता.

"डॉरीन, त्याला सांग, पाण्यात नाही. पेट्रोलमध्ये बुडालंय."

"मग आधी सांगायला याच्या तोंडाला काय झालं होतं?" नेव्हिल डॉरीनवरच ओरडला.

"त्याने विचारलं कुठे?" सिल्व्हिओही डॉरीनलाच म्हणाला. मग तिच्यामार्फतच सगळं सांगून झालं. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं, की जादा आलेलं पेट्रोल जळत नाही आणि प्लग भिजतात. अॅक्सिलरेटरचं पेडल पार खाली दाबून धरायचं आणि चावी फिरवायची. इंजेक्टरची गाडी असली की पेडल टेकल्याबरोबर ती पेट्रोल आपणहून बंद करते.

"चाळीस वर्षं गाड्या चालवतोय मी," नेव्हिल म्हणाला. "बुडालेल्याला आणखी पाजायला सांगतोय शहाणा. गाडीची कायमची वाट लावायचा बेत आहे त्याचा."

त्याच्या पूर्वीच्या, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी उडायची, आणि तेवढंच ज्ञान त्याला पुरेसं वाटत होतं. त्यामुळे पेडलला पाय न लावता तो चावी फिरवत राहिला. घरघर बारीक होत चालली. पावणेदहाला दहा मिनिटं उरली तेव्हा डॉरीन खाली उतरली आणि गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

"उतर. आणि हा धर."

तिचा आवाज नेहमीचाच होता, तरी तो उतरला. केक त्याच्या हातात आला. डॉरीनने पेडल जमिनीपर्यंत दाबलं आणि चावी फिरवली. गाडी खोकली, गप्प झाली, पुन्हा खोकली, मागून काळा धूर सुटला आणि इंजिन धडधडायला लागलं.

"सरक, मी चालवतो," नेव्हिल म्हणाला.

"पाय काढला तर बंद पडेल. पलीकडे बस."

तो बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली. कुंपणापलीकडे सिल्व्हिओने टोपी किंचित उचलली, ते पाहून नेव्हिलचं रक्त उकळलं.

"बघितलंस? हसला तो. आधी नगरपालिकेला फोन करायचा, आणि वर..."

"नेव्ह, क्रीम हलतंय."

नेव्हिल ताठ झाला. श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागला. डॉरीनने गाडी मोठ्या रस्त्याला आणली, वेग वाढवला आणि घड्याळाकडे पाहिलं. वेळेत पोचणार होते. तिने एकवार केकवर नजर टाकली. तो त्याच्या दोन्ही तळव्यांवर अगदी सपाट होता.

"तो फोन मी केला होता," ती म्हणाली. "माझे गुलाब वाळून चालले होते आणि तू गाडीला आंघोळ घालत होतास."

नेव्हिलने तोंड उघडलं. मग केककडे पाहिलं आणि मिटलं. अजून एकोणीस किलोमीटर जायचं होतं.