होडी चालवणारं कालव

गोष्ट एका खाडीतली आहे, बाळांनो. जंगलातल्या तुमच्या ऐकून झाल्या असतील.

त्या खाडीत कालवांच्या घरी बाबल नावाचा मुलगा होता. कालवं लहानपणी पाण्यात हुंदडतात. मग अंगातून सिमेंटसारखा चीक काढून कुठेतरी चिकटतात. एकदा चिकटली की जन्मभर तिथेच.

आईने बाबलला खडकावर आपल्या शेजारची जागा दाखवली. बाबलला खडक मागासलेला वाटला. तो पास्कू नावाच्या मासेमाराच्या होडीला, अगदी पुढे, बुडाशी जाऊन चिकटला.

होडी निघाली. बाबलला वाटलं, आपणच ओढतोय. मागे चिकटलेल्या कालवांनाही तसंच वाटलं. त्यांनी त्याला पुढारी केलं.

जवळच बायजाक्का नावाची शिणाणी होती. शिणाणे, म्हणजे ते लांबट शिंपले, धाग्यांनी स्वतःला बांधून घेतात. पटलं नाही तर धागे सोडून जातात. ती म्हणाली, "बाबल, होडी पास्कू वल्हवतो रे."

"वल्हवू दे," बाबल म्हणाला. "धोरण माझं आहे."

पहिला ठराव झाला, होडी डावीकडे न्यावी. होडी उजवीकडे गेली. बाबल रात्रभर तळमळला. सकाळी त्याने नियम बदलला: आधी होडी वळेल, मग ठराव मांडायचा. त्यानंतर एकही ठराव फसला नाही. कालवं आनंदाने शिंपले वाजवू लागली.

बातमी पसरली. जो तो येऊन चिकटू लागला. होडी जड झाली, रखडू लागली. सभेने ठरवलं, आता सावकाशच जायचं.

बायजाक्काने धागे सोडले आणि ती निघून गेली.

शेवटी पास्कूने परक्या धक्क्यावर होडी ओढली, आडवी केली आणि लोखंडी पट्टीने बूड खरवडू लागला. खरवडलेली कालवं टोपलीत पडू लागली. बाबलची पाचावर धारण बसली. पट्टी जवळ आली तसा तो घाईघाईने ओरडला, "मी राजीनामा देतो."

पट्टी लागली. बाबल उडाला आणि टोपलीऐवजी पाण्यात पडला.

खाली धक्क्याच्या खांबावरची कालवं जमली. कुठून आलात, त्यांनी विचारलं. बाबलने सांगितलं, मोठी होडी चालवत होतो, तत्त्वासाठी सोडली.

त्यांनी त्याला तिथल्या तिथे पुढारी केलं. बाबलने खांबाला हुकूम दिला, हलायचं नाही.

खांब हलला नाही. कालवांना भरून आलं. इतका वचक त्यांनी कुणाचा पाहिला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, कुठेही चिकटा, पण पुढे चिकटा. आणि खरवडून निघायची वेळ आली, तर पट्टी लागायच्या आत राजीनामा द्या.