नानांना उचलायला चार माणसं

"लिही," गाडीखालून राजसचा आवाज आला. "नानांचं इंजिन आज बाहेर काढायचंय. उचलायला चार माणसं हवीत. दोर आणि पाइप तयार आहेत. जमेल त्यांनी लवकर या."

मैत्रेयी एका हाताने कॅनडातल्या 'सरे मराठी परिवार' ग्रुपवर टाइप करत होती. दुसऱ्या हातात तीन वर्षांच्या रुचाचं जॅकेट घट्ट धरलेलं होतं. रुचाला गराजमधली पिवळी पट्टी ओलांडायची भारी हौस, आणि पट्टीपलीकडे अपघातात सापडलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ठेवलेली होती. मैत्रेयीने तिच्याशेजारी वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या, वर स्मोक अलार्म लावले होते, तरी तिला ती बॅटरी झोपेतसुद्धा दिसे. त्या ओढाताणीत 'नानांचं इंजिन'चं नुसतं 'नानांना' झालं आणि मेसेज गेला.

नाना म्हणजे व्हॅन. जपानहून आलेली, सत्त्याऐंशी सालची, आपल्याकडच्यासारखं उजवीकडे स्टिअरिंग असलेली.

खरे नाना राजसचे वडील. चिपळूणला अशाच एका डिझेल व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि धूर छातीत साठत गेला. फेब्रुवारीत ते गेले तेव्हा राजसचं वर्क परमिट रिन्यूअलमध्ये अडकलेलं. निघाला असता तर परत येता आलं नसतं. अंत्यविधी त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला. फोन चुलतभावाच्या हातात, त्यामुळे बराच वेळ आभाळ आणि कुणाची तरी चप्पल दिसली, मग नेट गेलं. राजसने लॅपटॉप तसाच पुढे ओढला आणि ऑफिसच्या मीटिंगला बसला.

"इथं कुणाला सांगू नकोस," तो तेवढंच म्हणाला. "लोक येतील, समोर बसतील. मला नाही जमायचं."

महिन्याभरात दारात ही व्हॅन उभी राहिली. "हिला इलेक्ट्रिक करणार. नानांना आता धूर नको." तेव्हापासून तो फावल्या वेळी गराजमध्येच असे. मैत्रेयी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐके. पान्याचे, हातोडीचे आवाज येत. रडण्याचा कधी आला नाही. बॅटरीपेक्षा तिला धास्ती होती ती त्याची.

तासाभरात बेल वाजली. दारात ग्रुपमधले सूर्यकांत काका आणि छाया काकू. काकूंनी जाड जॅकेटखाली पांढरी साडी नेसलेली, हातात झाकलेलं पातेलं. मागे ड्राइव्हवेत प्रणव आणि त्याच्यासोबत बेसमेंटमध्ये राहणारे तिघे विद्यार्थी टोप्या काढून, माना खाली घालून उभे. चौघे मागितले तर चौघे आले, याचं मैत्रेयीला कौतुक वाटलं.

"या ना. चहा टाकते."

"आज चहा नको गं," काकूंनी तिचा हात धरला. "चूल पेटवूच नकोस आज."

मैत्रेयीला बॅटरी आठवली. काकूंचा मुलगा इलेक्ट्रिशियन. बॅटरीतून गॅस गळतोय हे त्यांना कुठून तरी कळलं असणार. तिने धावत जाऊन शेगडी बंद आहे ना ते पाहिलं, हीटिंगही बंद केलं आणि खिडक्या उघडल्या.

बोचऱ्या वाऱ्यात सगळे कोचावर अंग चोरून बसले.

"कधी झालं?" काकूंनी हळूच विचारलं.

मैत्रेयीच्या डोळ्यांपुढे गंजलेले बोल्ट आले. "काल संध्याकाळी. चार दिवस राजसची नुसती झटापट चालली होती. शेवटी सुटले एकदाचे."

"सुटले बिचारे. किती वर्षांचे होते?"

"कोण, नाना? सत्त्याऐंशीचे."

"म्हणजे वय झालंच होतं." नाना आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आले असणार आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "आहेत कुठे?"

"इन द गराज," रुचा म्हणाली.

काका दचकले. मग स्वतःचीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, "थंडी आहे. तसं बरंच आहे ते."

"घरात नाही का ठेवायचे गं?" काकू म्हणाल्या.

"घरात? अहो, सगळा कार्पेट खराब झाला असता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी घसा साफ केला. "नाइन वन वनला कळवलं होतं ना?"

"कशाला? व्हिडिओ बघून बघून घरच्या घरीच केलं सगळं," मैत्रेयी जरा अभिमानाने म्हणाली. "आता फक्त पिकअपमध्ये घालायचं. भंगारवाल्याशी बोलणं झालंय."

काकू उभ्याच राहिल्या. "भंगारवाला? अगं, जन्मदात्याला?"

तेवढ्यात गराजचं दार उघडून कोपरापर्यंत काळे हात घेऊन राजस आला. "आलात? चला, उचलू या."

सगळे त्याच्यामागे गराजकडे गेले. काकांनी दाराशी बूट काढले, हात जोडले आणि आत पाऊल टाकलं. जुन्या ब्लँकेटवर, दोरांनी नीट बांधलेलं, तेलकट इंजिन पडलं होतं.

"हे नाना?" काकांनी विचारलं.

"नानांचं इंजिन."

आधी प्रणवला हसू फुटलं. मग काका हसले, काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मैत्रेयीला आपण काय काय बोललो ते एकेक आठवू लागलं. राजसला काहीच कळेना, तरी तोही हसत होता. काकूंनी त्याला मेसेज दाखवला. तो वाचताना त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, ते फक्त मैत्रेयीने पाहिलं.

दोरांतून दोन पाइप घातले. राजस पुढे, शेजारी प्रणव, मागे दोघे. खांदा दिला, पावलात पाऊल पडू लागलं. ड्राइव्हवेच्या मध्यावर राजस थांबला.

"जड होतंय का दादा?" प्रणव म्हणाला. "ठेवू या खाली?"

"मी नव्हतो रे तिथं," राजस म्हणाला.

त्यांनी इंजिन खाली ठेवलं. राजस त्याच्याशेजारीच बसला आणि काळ्या हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागला. काकूंनी मैत्रेयीकडे पाहिलं.

"ते खरंच गेलेत, काकू. फेब्रुवारीत. आम्ही कुणाला सांगितलंच नाही."

काका बूट न घालताच आले आणि राजसच्या समोर, ओल्या काँक्रीटवर बसले. मग एकेक करून सगळेच बसले. काही वेळाने काकूंनी आत जाऊन पातेलं आणलं. पिठलं-भात होता. राजसने खाल्ला, पुन्हा मागून घेतला, आणि नाना सिग्नलवाचून गावभर व्हॅन कशी चालवायचे, ते प्रणवला सांगत राहिला.

निघताना कुणी 'येतो' म्हणालं नाही. काकूंनी रुचाच्या गालावरून हात फिरवला आणि मागे न बघता त्या गाडीत जाऊन बसल्या.

"दे डिडन्ट से बाय," रुचा म्हणाली.

"आज नसतं म्हणायचं," राजस म्हणाला. "नाना गेलेत ना."

रुचाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नो, बाबा. ही इज इन द गराज."

"नाही गं," राजस म्हणाला. "ती गाडी आहे."